लोकल दोन स्टेशनांच्या मध्ये उभी राहते तेव्हा वीज किती जाते?

पारसिकपलीकडची | सोमवार, रात्री ९:४०

मी डोंबिवलीहून दादरला जाते. सकाळी आठच्या आसपासची फास्ट. गेला महिनाभर एक उद्योग केला: गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये कुठे थांबली, किती वेळ थांबली आणि निघाल्यावर पुन्हा कधी थांबली, हे वहीत टिपून ठेवलं. दाराजवळ उभी असते, त्यामुळे बाहेरचे खांब दिसतात. नेमक्या जागा लिहिता आल्या.

उशिराबद्दल तक्रार करायला धागा काढलेला नाही. मला वेगळीच गोष्ट खटकली. गाडी हळूहळू जाऊन थांबली असं क्वचित होतं. ती जोरात सुटते, चांगला वेग घेते, मग कचकन ब्रेक, मिनिटभर शांतता, मग पुन्हा जोरात. डब्यातली सगळी माणसं एकदा पुढे, एकदा मागे. एवढं धूड दर वेळी शून्यापासून ओढायचं म्हणजे वीज केवढी लागत असेल! आणि पुढे जाऊन थांबायचंच असेल तर आधी एवढं पळायचं कशाला?

दुसरा प्रश्न याच्याच पोटातला. सिग्नल आणखी जवळजवळ लावले तर गाड्या एकमेकींच्या जवळून जाऊ शकतील ना? मग हे थांबणं कमी होईल की वाढेल? इथे रेल्वेतली आणि वीज खात्यातली मंडळी आहेत म्हणून विचारते.

---

तिसरी_सीट | सोमवार, रात्री १०:०२

सोपं आहे. सिग्नल दुप्पट करा, गाड्या दुप्पट होतील. इच्छाशक्ती हवी.

---

कल्याण_स्लो | सोमवार, रात्री १०:१५

मी स्लोवाला, त्यामुळे आम्हाला जोरात सुटायची संधीच मिळत नाही :) पण विषय आवडला, वाचतोय.

---

जुना_केबिनवाला | सोमवार, रात्री ११:३०

ताई, तुमचं निरीक्षण अचूक आहे. मी सिग्नल खात्यात चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीच रिले रूममध्ये (रिले म्हणजे करंट मिळाला की उचलणारा आणि गेला की पडणारा स्विच). जमेल तेवढं सांगतो.

आधी तिसरी_सीट यांना. सिग्नल दुप्पट केल्याने गाड्या दुप्पट होत नाहीत. सिग्नलचं काम नुसतं ‘थांब’ सांगण्याचं नाही, ‘पुढे थांबायचं आहे’ हे वेळेवर सांगण्याचं आहे. भरलेली लोकल पूर्ण वेगातून थांबायला काही शे मीटर घेते. पिवळा आणि त्यापुढचा लाल यांच्यात तेवढं अंतर नसेल, तर पिवळा बघून ब्रेक मारूनही गाडी लाल ओलांडून जाईल. म्हणून मुंबईत चार रंगरूपांचे सिग्नल आहेत: हिरवा, दोन पिवळे, एक पिवळा, लाल. दोन पिवळे म्हणजे ‘पुढचा पिवळा असेल, तयारीत राहा’. थांबायचं अंतर दोन सेक्शनांत वाटलं जातं, म्हणूनच सिग्नल जवळ आणता येतात. सगळा फायदा त्या दोन पिवळ्यांचा आहे.

हे आजचं नाही. व्हीटी ते भायखळा या पट्ट्यात रंगीत दिव्यांचे आपोआप बदलणारे सिग्नल १९२८ साली आले. विजेची पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ ची, व्हीटी ते कुर्ला, हार्बरवरून. विजेची गाडी पटकन वेग घेते, म्हणजे जागा पटकन मोकळी करते. ती मोकळी झाल्याचं मागच्या गाडीला तितक्याच पटकन कळलं नाही तर विजेचा निम्मा फायदा वाया. म्हणून वायर आणि सिग्नल पाठोपाठ आले.

आपोआप म्हणजे कसं, तर रुळांतून बारीक करंट सोडलेला असतो. गाडीची चाकं रुळावर आली की दोन रूळ जोडले जातात, रिलेला करंट मिळत नाही, रिले पडतो आणि मागचा सिग्नल लाल. गाडी पुढे गेली की रिले उचलतो. कुणी माणसाने काही करायचं नाही. तार तुटली, रूळ तुटला, वीज गेली, तरी रिले पडतो, म्हणजे लालच. बिघाड झाला तर तो सुरक्षित बाजूला व्हावा, हे या विद्येचं पहिलं सूत्र.

पावसाळ्यात सायन-कुर्ल्याला रूळ पाण्याखाली गेले की ‘सिग्नल यंत्रणेत बिघाड’ अशी घोषणा होते. लोक चिडतात. पण साचलेल्या पाण्यातूनही करंट एका रुळावरून दुसऱ्यावर जातो, रिले पडतो आणि यंत्रणा म्हणते, इथे गाडी उभी आहे असं समजा. ती आपलं काम चोख करत असते.

पळापळीचं उत्तर उद्या. झोपेची गोळी घेतली आहे.

---

मोटरमनची_लेक | मंगळवार, सकाळी ७:५०

‘आधी एवढं पळायचं कशाला’ याचं उत्तर माझ्या बाबांच्या तोंडून लहानपणापासून ऐकलंय. ते मोटरमन होते.

मोटरमनला समोरचा सिग्नल दिसतो, त्यापुढचं काही दिसत नाही. हिरवा मिळाला तर त्याने वेळापत्रकाप्रमाणे पळवायची. पुढची गाडी तीन सिग्नल पलीकडे मुंगीच्या पावलाने चाललीय हे त्याला कळायला काही मार्ग नाही. कळतं ते दोन पिवळे दिसल्यावर. हिरवा असताना उगाच हळू चालवली आणि उशीर झाला तर जबाब त्याने द्यायचा.

बाबा मात्र एक करायचे. एकाच मार्गावर वर्षानुवर्षं चालवून त्यांना अंदाज आला होता. सकाळी अमुक वेळेला अमुक वळणानंतर पिवळा मिळणारच. मग ते आधीच हँडल शून्यावर आणून गाडी घरंगळत न्यायचे. सिग्नलपाशी पोहोचेपर्यंत तो लालचा पिवळा झालेला असायचा आणि गाडी न थांबताच पुढे. ‘थांबलेली गाडी उठवणं हे झोपलेल्या म्हशीला उठवण्यासारखं असतं,’ असं म्हणायचे. त्या दिवशी गाडी एकदाही मध्ये थांबली नाही की घरी येऊन आईला आवर्जून सांगायचे.

डेडमॅन हँडल दाबून धरून त्यांचा तळवा कडक झाला होता. हात सुटला की ब्रेक लागतो, त्यामुळे घरंगळतानाही हात तिथेच.

---

वीजमापे | मंगळवार, दुपारी १:२०

म्हशीची उपमा एकदम बरोबर आहे, आता तिचं वजन करू. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा कळेल.

बारा डब्यांचा रेक आणि गर्दीच्या वेळची माणसं मिळून ८०० टन धरू. ताशी ८० किमी वेगाला या वस्तुमानात साधारण ५५ युनिट ऊर्जा साठलेली असते. युनिट म्हणजे आपल्या घरच्या मीटरचंच. एखाद्या छोट्या कुटुंबाला दहा-बारा दिवस पुरेल एवढी वीज, फक्त वेगाच्या रूपात. ब्रेक मारून गाडी थांबवली की ती गेली, आणि परत ८० गाठायला तेवढीच पुन्हा हवी.

आता हीच गाडी ताशी ५० ने चालली तर तिच्यात फक्त २१ युनिट असतात. वेग निम्म्याहून थोडा जास्त, ऊर्जा मात्र निम्म्याहून खूपच कमी, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ८० वरून ४० वर आणली तरी पाऊण ऊर्जा गेलेलीच असते, पुरतं थांबायचीही गरज नाही.

म्हणून धागाकर्तीचा प्रश्न मोलाचा आहे. ८० ने पळून लाल दिव्यापाशी मिनिटभर उभं राहायचं, किंवा ५० ने चालत राहून तो दिवा बदलल्यावर न थांबता निघून जायचं. दादरला दोन्ही गाड्या जवळजवळ एकाच वेळी पोहोचतात, कारण पुढची गाडी हलल्याशिवाय पहिलीलाही जागा नाही. फरक किमान तीसेक युनिटचा, तोही एका गाडीच्या एका थांब्याचा.

---

तिसरी_सीट | मंगळवार, दुपारी १:४५

पण नव्या गाड्या ब्रेक मारताना वीज परत करतात ना? मग वाया कुठे गेली? एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात.

---

वीजमापे | मंगळवार, दुपारी २:३०

@तिसरी_सीट, योग्य मुद्दा, पण दुसरा खिसा थोडा फाटका आहे.

जुन्या १५०० व्होल्ट डीसी रेकमध्ये दुहेरी नुकसान होतं. सुटताना मोटरला एकदम पूर्ण दाब देता यायचा नाही, म्हणून मध्ये रेझिस्टन्स घालायचे आणि प्रत्येक सुटण्यात बरीच वीज त्यांत उष्णता होऊन जायची. थांबताना उरलेली ब्रेकच्या ठोकळ्यांत. जितक्या वेळा थांबा-सुटा, तितक्या वेळा दोन्हीकडे भट्टी.

२००७ पासून मुंबईत थ्री-फेज मोटरचे रेक आले. ते ब्रेक मारताना मोटरचंच जनित्र करतात आणि वीज वायरीत परत ढकलतात. एकूण वापराच्या ३० टक्क्यांच्या आसपास बचत सांगितली जाते. शंभर टक्के कधीच नाही. मोटर, कन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर, सगळीकडे थोडी थोडी गळती, जातानाही आणि येतानाही. अगदी कमी वेगाला किंवा जोरात ब्रेक लावावा लागला तर ठोकळे वापरावेच लागतात.

शिवाय डीसीत एक अडचण होती. सबस्टेशनातले रेक्टिफायर वीज एकाच दिशेने जाऊ देतात. ब्रेक मारणाऱ्या गाडीने दिलेली वीज घ्यायला त्याच वेळी जवळपास दुसरी गाडी सुटत असली पाहिजे. नसेल तर ती वीज कुणालाच नको. मुंबईत २५ हजार व्होल्ट एसी आलं (चर्चगेटकडे २०१२ पर्यंत, सीएसएमटीच्या मेन लाइनवर २०१५ मध्ये, हार्बरवर २०१६ मध्ये) तेव्हा हा अडथळा गेला. आता उरलेली वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी ग्रिडकडे जाऊ शकते.

आणि एक खर्च जो कुणी धरत नाही: उभ्या गाडीतही पंखे, दिवे, कॉम्प्रेसर चालूच असतात. २५ डिसेंबर २०१७ पासून एसी लोकल आहेत. एसी लोकल मध्येच दहा मिनिटं उभी राहिली तर वातानुकूलन काही थांबत नाही.

---

जुना_केबिनवाला | मंगळवार, रात्री ९:१५

वीजमापे, फार छान. आता मी दोन गाड्यांमधल्या वेळाचा हिशेब मांडतो. इच्छाशक्तीचा प्रश्न कुठे आहे आणि भौतिकशास्त्राचा कुठे, ते त्यातून दिसेल.

दादरच्या फलाटावर एक गाडी उभी आहे, मागून दुसरी येतेय. पहिली ३० सेकंद थांबली. सुटल्यावर तिचा शेवटचा डबा फलाटाच्या टोकाचा सिग्नल ओलांडून आणखी १२० मीटर पुढे गेला पाहिजे. ही मोकळी राखीव जागा, चुकून कुणी लाल ओलांडला तर. बारा डब्यांची लांबी अडीचशे मीटरहून थोडी जास्त. म्हणजे पावणेचारशे मीटर, तेही शून्यातून वेग घेत, चाळीसेक सेकंद. मग मागच्या गाडीसाठी सिग्नल बदलणार. ती न थांबता यायची असेल तर त्या क्षणी दोन-तीन सिग्नल मागे हवी. तिथून फलाटावर येऊन थांबेपर्यंत आणखी सव्वा-दीड मिनिट. एकूण अडीच मिनिटं. थोडी सवड ठेवून वेळापत्रकात तीन मिनिटं धरतात, म्हणजे तासाला २० गाड्या.

आता बघा. यातला सिग्नलचा वाटा एक तृतीयांशही नाही. दादरला ३० सेकंदांऐवजी ६० सेकंद लागले की ती सवड संपली. नव्वद लागले की मागची गाडी लालसमोर उभी, तिच्या मागची पिवळ्यावर, आणि ताईंच्या वहीत एक ओळ वाढली. गाडी उशिरा आली की फलाटावर जास्त माणसं साठतात, चढायला जास्त वेळ लागतो, ती आणखी उशिरा होते. तिच्या मागची मात्र रिकामी असते आणि तिच्या शेपटीला येऊन चिकटते.

सिग्नल बिघडला तर वेगळीच कथा. आपोआप चालणारा सिग्नल लालच राहिला तर मोटरमनने दिवसा १ मिनिट, रात्री २ मिनिटं थांबायचं आणि मग अगदी सावकाश, जिथे थांबता येईल अशा बेताने पुढे जायचं. प्रत्येक गाडीने, अशा प्रत्येक सिग्नलला. एक रिले पडला तर तासाला वीसच्या जागी किती जातील, तुम्हीच मोजा.

---

भिवपुरीकर | मंगळवार, रात्री १०:४०

काका, फाटकं राहिली! दिवा स्टेशनजवळचं फाटक. फाटक आणि सिग्नल एकमेकांशी बांधलेले असतात. फाटक पूर्ण बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय सिग्नल हिरवा होतच नाही. एक रिक्षा मध्ये अडकली की दोन्ही बाजूंच्या लोकल उभ्या. तिथे सिग्नल कितीही आधुनिक करा, रिक्षा काही हलत नाही.

---

जुना_केबिनवाला | मंगळवार, रात्री १०:५५

अगदी. पूल बांधणं हेही सिग्नलचंच काम आहे असं मी नेहमी म्हणायचो.

---

रत्नांग्रीची_शिवानी | बुधवार, सकाळी ११:०५

मुंबईवाल्यांना तीन मिनिटांचं दुःख आहे. आमच्याकडे कोकणात बहुतेक मार्ग अजून एकेरी आहे (रोहा ते वीर २०२१ मध्ये दुहेरी झाला). इथे प्रश्न मागच्या गाडीचा नाही, समोरून येणारीचा आहे. दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी, म्हणजे समोरची येईपर्यंत आपली लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, उभी. सगळा डबा एकमेकांना विचारतो, ‘क्रॉसिंग कोणाचं?’ आणि समोरून एक्सप्रेस गेली की पाच मिनिटांनी आपली हलते.

माझे आजोबा सांगायचे, त्यांच्या गावाकडच्या एकेरी मार्गावर स्टेशनमास्तर ड्रायव्हरला लोखंडी गोळा द्यायचे, वेताच्या मोठ्या कडीतल्या पिशवीत घालून. तो गोळा हातात असेल तरच पुढच्या स्टेशनापर्यंत जायचं. दोन्हीकडची यंत्रं तारेने अशी जोडलेली की एका वेळी एकच गोळा बाहेर निघतो. मेल न थांबता जायची तेव्हा ड्रायव्हर धावत्या इंजिनातून हात बाहेर काढून ती कडी खांद्यावर झेलायचा. आजोबांच्या डोळ्यांत ते दृश्य शेवटपर्यंत होतं.

वीजमापे, मालगाडीचाही हिशेब कराल का? कोकणात २०२२ पासून पूर्ण मार्गावर वीज आहे. मालगाड्या लूपमध्ये किती वेळा उभ्या राहतात ते मी घरातून बघते, आमचं घर स्टेशनच्या वरच्या अंगाला आहे.

---

वीजमापे | बुधवार, दुपारी १२:३०

५००० टनांची मालगाडी ताशी ६० ने येत असेल तर तिच्यात जवळपास १९० युनिट. एका क्रॉसिंगला थांबवली की तेवढ्याचा प्रश्न. नवी थ्री-फेज इंजिनं काही परत मिळवतात, पण लांब मालगाडीला इंजिनाच्याच ब्रेकवर थांबवणं दर वेळी शक्य नसतं, डब्यांचे ब्रेक लागतातच.

दुहेरीकरणाने वेळ वाचतो हे सगळे सांगतात. त्याने वीजही वाचते, हे फारसं कुणी बोलत नाही.

---

भिवपुरीकर | बुधवार, दुपारी ४:१०

घाटाचं सांगतो, कारण वीज परत करायची युक्ती नवी नाही. आमच्या कर्जत-लोणावळा आणि कसारा-इगतपुरी घाटांचा चढ ३७ ला १. १९२० च्या दशकाअखेरीस इथे जी ‘क्रॉकोडाइल’ इंजिनं आली, ती घाट उतरताना वीज वायरीत परत देत होती. खाली येणारी गाडी वर जाणाऱ्या गाडीला हात देते. वडील म्हणायचे, डोलीसारखं: एक खांदा खाली गेला की दुसरा वर.

पण त्यासाठी उतरणारी आणि चढणारी एकाच वेळी घाटात हवी. आणि घाटात तर सिग्नल गाडीला मुद्दाम थांबवतात. उतरताना कॅच साइडिंगपाशी काटा मुळात साइडिंगकडेच लावलेला असतो, म्हणजे ब्रेक गेलेली गाडी चढाच्या फाट्यावर जाऊन थांबेल. गाडी ताब्यात आहे हे थांबून दाखवल्यावरच मुख्य मार्ग मिळतो. इथे वीज वाचवायचा विचार मनातसुद्धा आणू नये. तो थांबा हजारो जिवांसाठी आहे.

---

टेम्सकाठी | बुधवार, रात्री ११:५०

लंडनहून लिहितोय. मूळ ठाण्याचा. व्हिक्टोरिया लाइनने रोज जातो. २०१७ पासून गर्दीच्या वेळी तासाला ३६ गाड्या आहेत, दर १०० सेकंदांना एक. ही लाइन १९६८ साली उघडली तेव्हापासून गाडी आपोआप चालते, चालक दारं बंद करून बटण दाबतो.

सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र सिग्नलची नाहीच. इथल्या सेंट्रल लाइनच्या १९०० सालच्या भागात स्टेशनं उंचवट्यावर बांधली आहेत. येताना चढ, म्हणून गाडी आपसूक मंदावते. सुटताना उतार, म्हणून आपसूक पळते. वेग उंचीत साठवायचा आणि परत काढायचा. ना तार, ना कन्व्हर्टर. सव्वाशे वर्षांपूर्वी!

---

तिसरी_सीट | गुरुवार, सकाळी ८:३०

वा! हे माहीत नव्हतं. मग आपल्याकडे १०० सेकंद का नाहीत, हा माझा प्रश्न मी मागे घेत नाही. केबिनवाले काका, सीबीटीसी (ती रेडिओवर चालणारी नवी सिग्नल पद्धत) आलं की होईल ना?

---

जुना_केबिनवाला | गुरुवार, रात्री ८:४०

प्रश्न मागे घेऊच नका.

आत्ताच्या पद्धतीत यंत्रणेला एवढंच कळतं की गाडी या तुकड्यात ‘कुठेतरी’ आहे. तुकडा चारशे मीटरचा असेल आणि शेवटचं चाक अजून त्याच्या टोकाला असेल, तरी अख्खा तुकडा अडलेला. सीबीटीसीत गाडी रेडिओवरून सतत सांगते की मी नेमकी इथे आहे, माझा वेग एवढा आहे. मागच्या गाडीला मर्यादा मिळते ती पुढच्या गाडीच्या शेपटीपर्यंतची, आणि ती शेपटीबरोबर पुढे सरकत राहते. मुंबईची भुयारी मेट्रो ३ याच पद्धतीवर चालते. लोकलसाठी हे काम २०१९ मध्ये मंजूर झालेल्या एमयूटीपी ३ए या मुंबई लोकलच्या सुधारणा योजनेत धरलं होतं.

पण मेट्रोत सगळ्या गाड्या सारख्या, दारं ठरावीक जागी, आणि दुसरं कुणी त्या रुळांवर येत नाही. आपल्याकडे फास्ट लाइनवर मेल, एक्सप्रेस येतात. त्यांची लांबी वेगळी, ब्रेक वेगळा, सुटण्याचा वेग वेगळा. दोन लोकलच्या मध्ये एक मेल घातली की तिच्या पुढेमागे जास्त मोकळी जागा सोडावी लागते. आणि परवाचा हिशेब आठवा: दादरचे ते साठ-नव्वद सेकंद सीबीटीसी कमी करू शकत नाही. रुंद फलाट, जास्त जिने आणि पंधरा डबे हे करू शकतात. पंधरा डबे म्हणजे एक सिग्नल न वाढवता पंचवीस टक्के जास्त माणसं.

मला सीबीटीसी हवी आहे, पण वेगळ्या कारणासाठी. मोटरमनची_लेक यांच्या बाबांना जे अनुभवाने कळत होतं, ते ती प्रत्येक मोटरमनला पहिल्या दिवसापासून सांगू शकते. पुढची गाडी हळू आहे, तूही आत्तापासून ५० ने चल, थांबावं लागणार नाही.

---

वीजमापे | गुरुवार, रात्री ९:२५

काकांशी पूर्ण सहमत. एक भर. यंत्रणेला सगळ्या गाड्यांची जागा ठाऊक असेल तर एकीचं थांबणं आणि दुसरीचं सुटणं जुळवता येतं, परतीची वीज तिथल्या तिथे वापरली जाते. गोंधळानंतर दहा गाड्या एकदम सुटून सबस्टेशनवर येणारा भारही पसरवता येतो. दिल्ली मेट्रोच्या ब्रेकमधून परत मिळणाऱ्या विजेचा प्रकल्प २००७ साली संयुक्त राष्ट्रांकडे कार्बन क्रेडिटसाठी नोंदला गेला, रेल्वेचा जगातला पहिला. इतकी ही वीज खरी आणि मोजता येण्याजोगी आहे.

---

कल्याण_स्लो | शुक्रवार, सकाळी ७:१०

एक शंका. वायरीत अधूनमधून वीज नसलेला तुकडा असतो ना, जिथून जाताना डब्यातले दिवे क्षणभर जातात? तिथेच सिग्नल लाल मिळाला तर?

---

जुना_केबिनवाला | शुक्रवार, दुपारी ३:००

सुंदर शंका. त्याला न्यूट्रल सेक्शन म्हणतात. दोन वेगळ्या सबस्टेशनांच्या विजा एकमेकींना भिडू नयेत म्हणून. तो गाडीने स्वतःच्या वेगाने पार करायचा. तिथे थांबली तर अडकली, मग मागून ढकलायला दुसरी गाडी आणा. म्हणून सिग्नलची जागा ठरवताना आम्ही विजेच्या लोकांबरोबर रुळांवरून चालत जायचो: इथे लाल मिळाला तर गाडीचं नाक कुठे असेल, पुढे चढ आहे का, वळणावर दिवा दिसतो का. एका खांबासाठी अर्धा-अर्धा दिवस वाद. एसी आल्यावर जुने ट्रॅक सर्किटही बदलावे लागले, कारण परतीचा करंट त्याच रुळांतून जातो. लोक झोपेत असताना रात्रीच्या ब्लॉकमध्ये ती सगळी कामं झाली. ती माणसं कुणाला दिसत नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवतो.

---

पारसिकपलीकडची | पुढचा बुधवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर वाचून वाचून गाडीत बसले (उभी राहिले). वही पुन्हा काढली आणि आता नुसतं थांबणं नाही, खांबावरचा रंगही लिहायला लागले.

काकांचा हिशेब डोळ्यांनी दिसला. ज्या दिवशी ठाण्याला चढाउतरायला जास्त वेळ लागला, त्या दिवशी पुढे आम्ही थांबलो नाही, आमच्या मागची थांबली असणार. मी इतके दिवस पुढच्या गाडीला बोल लावत होते. मागच्यांसाठी आमचीच गाडी पुढची आहे हे लक्षातच आलं नव्हतं.

आणि सोमवारी एक गंमत झाली. दोन पिवळे दिसल्यावर गाडीचा आवाज एकदम शांत झाला. ब्रेकचा झटका नाही, मोटरची गुरगुर नाही, नुसती चाकांची खडखड. बराच वेळ तशीच घरंगळत गेली. पुढचा खांब आला तेव्हा तोही दोन पिवळ्यांचा, मग हिरवा. रोज जिथे थांबतो त्या जागेवरून आम्ही न थांबता गेलो. डब्यात कुणाला काही कळलं नाही, मला मात्र टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मोटरमनची_लेक, तुमच्या बाबांची आठवण झाली.

---

मोटरमनची_लेक | पुढचा बुधवार, रात्री १०:४५

हे बाबांना आत्ताच वाचून दाखवलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: गाडी कितीची होती, आणि ती जागा मुंब्र्याच्या अलीकडे की पलीकडे?

---

पारसिकपलीकडची | पुढचा बुधवार, रात्री १०:५२

पलीकडे, कळव्याच्या बाजूला. ८:०४ ची.

---

मोटरमनची_लेक | पुढचा बुधवार, रात्री १०:५८

म्हणाले, ‘तिथे वळण आहे, सिग्नल उशिरा दिसतो. ज्याने आधीच हँडल शून्यावर आणलं तो मार्ग ओळखून आहे.’ आणि मग आईला हाक मारून ते सगळं पुन्हा सांगितलं.